बुरजातली नासपती

पाहुण्यांची गाडी वळणावर दिसली तेव्हा थोरली बुरजाच्या पायथ्याशी उभी राहून एका गांधीलमाशीची वाट पाहत होती.

माशी आली नाही. पाहुणे आले.

"बघा, बघा!" गाडी थांबायच्या आधीच खिडकीतून मधल्या भावाचा आवाज आला. "सकाळी दहा वाजता ताई वास घेत उभी आहे! याला म्हणतात घराण्याचं नाक!"

थोरलीने घराण्याचं नाक रुमालाने पुसलं आणि हात हलवला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माणसाला पुष्कळ गोष्टी साधतात. आतून घाबरलेलं असताना हसणं ही त्यांतली एक.

घाबरायला कारण होतं. गावाच्या माथ्यावर पाचशे वर्षांपूर्वीचा कोट होता. कोट म्हणायचा तो आता सवयीने. तट गेला, महाल गेला, आणि उरले दीड बुरूज. त्यांतला अर्धा पाहुण्यांना दाखवायचा आणि अख्खा कामाचा. या कोटावर तीनदा स्वारी झाली असं पाटीवर लिहिलेलं आहे. तिन्ही वेळा कोटाने शत्रू दिसायच्या आत किल्ल्या पाठवून दिल्या, हे पाटीवर मावलेलं नाही. पडझड केली ती गावाने. ज्याला घर बांधायचं असेल तो हातगाडी घेऊन वर जायचा. दवाखान्याची पायरी म्हणजे मूळची महादरवाजाची कमान, आणि न्हाव्याची गिऱ्हाइकं ज्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतात तो तोफेचा कट्टा. किल्ला गावाचं रक्षण करू शकला नाही, पण गावाला आसरा मात्र त्यानेच दिला.

अख्ख्या बुरजाच्या तळाशी एक खोली होती. हातभर जाडीच्या भिंती, बारा महिने सारखाच गारवा. थोरलीच्या आजोबांपासून तिथे नासपती पिकत आली होती. नासपतीचं फळ झाडावर पिकू दिलं तर ते आतून सडतं आणि बाहेरून हसतमुख राहतं. बऱ्याच नातेवाइकांसारखं, असं थोरलीचे वडील म्हणत. म्हणून ती कडक असतानाच तोडायची, खोलीतल्या फळ्यांवर मांडायची आणि दार लावून घ्यायचं. अंधारात ती एकमेकांच्या वासाने पिकत जातात. अट एकच. दार मध्येच उघडून बघायचं नाही. एकदा उघडलं की कोंडलेला वास निघून जातो आणि उरलेली फळं मग मनाला येईल तशी पिकतात. अर्धी दगड, अर्धी लगदा. दिवस ठरवायचा तो बाहेरूनच. त्यासाठी दारात अंगठ्याएवढं भोक होतं, त्याला लाकडी बूच. बूच काढायचं, भोकाला नाक लावायचं आणि सांगायचं, "उद्या" किंवा "अजून तीन दिवस." आधी आजोबांनी सांगितलं, मग वडिलांनी, आणि गेली चाळीस वर्षं थोरलीने. ती एकदाही चुकली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तिला नऊ दिवस ताप आला. दहाव्या दिवशी तो गेला आणि जाताना तिचा वास घेऊन गेला. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. आला नाही. थोरलीने कुणाला सांगितलं नाही. माणसाचे डोळे गेले तर लोक हळहळतात, कान गेले तर ओरडून बोलतात. नाक गेलं तर मात्र लोक तुमचं काम काढून घेतात. आणि थोरलीकडे नवरा नव्हता, मुलं नव्हती. होतं ते एक काम.

त्या वर्षी ती बुरजाबाहेर डोक्याला हात लावून बसली असताना तिला वर गांधीलमाश्या दिसल्या. पूर्वी बाण मारायला भिंतीत ज्या अरुंद फटी ठेवत, त्या जंग्या, अशा सात होत्या. त्यांतून येणाऱ्या वासावर माश्या घिरट्या घालत होत्या. आदल्या दिवशी दोन होत्या, त्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी मोजता येईनात. थोरलीने "उद्या" सांगून टाकलं. दार उघडलं तर फळं अशी, की व्यापाऱ्याने टोपी काढली. मागच्या वर्षी तर त्याहून सरस. मधल्याने रक्तातून उतरणाऱ्या घ्राणशक्तीवर पाऊण तास भाषण केलं. गांधीलमाश्यांच्या गौरवार्थ झालेलं ते बहुधा जगातलं सर्वांत मोठं भाषण असावं. फक्त ते वक्त्याला ठाऊक नव्हतं.

आणि यंदा फळं आत ठेवून आठ दिवस होतात न होतात, तोच पुराणवस्तू खात्याचा रखवालदार दोन गवंडी घेऊन आला आणि साती जंग्यांना काचा बसवून गेला. कडेच्या फटी लांबीने लिंपून, पक्क्या.

"कबुतरांचा त्रास कायमचा मिटला, मावशी!" तो म्हणाला. तो फार सज्जन माणूस होता. जगातली निम्मी नुकसानी अशीच माणसं करतात.

थोरलीने हातपाय हलवले नाहीत असं नाही. तिने एक गांधीलमाशी बरणीत धरून खोलीच्या दारापुढच्या उघड्या बोळात आणली, दाराचं बूच काढलं आणि तिला सोडलं. माशीने भोकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती थोरलीच्या कानाला चावली. सूज उतरायला तीन दिवस गेले.

आज सोळावा दिवस होता, कान जाग्यावर आला होता आणि चार वाजता सगळ्या कुटुंबासमोर वास घ्यायचा होता.

गाडीतून मधला उतरला. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाल्यापासून मोजायला काही न उरल्याने तो कुटुंबाकडे वळला होता. मागून त्याची बायको, म्हणजे वहिनी, उतरली, तिच्यामागून मुलगी, म्हणजे थोरलीची भाची. धाकटा भाऊ दरवर्षीप्रमाणे येणार होता आणि दरवर्षीप्रमाणे आला नव्हता. सर्वांत शेवटी दोन्ही हातांत चार पिशव्या घेऊन जावई उतरला. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तो इथे पहिल्यांदाच येत होता.

"हे पाण्याच्या खात्यात आहेत," वहिनीने तिथे उभ्या असलेल्या रखवालदाराला सांगितलं.

"गटारं साफ करतो," जावई रखवालदाराला म्हणाला. "तुंबलेली."

वहिनी आभाळाकडे पाहू लागली.

घरी आल्यावर मधल्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक भलामोठा कागद पसरला. तीस वर्षांत दार कितव्या दिवशी उघडलं त्याचा तक्ता होता. लाल, निळ्या आणि हिरव्या रेघा.

"ताई, सरासरी काढलीय. विसावा दिवस. म्हणजे रविवार. तू वास घेशील, रविवार सांगशील, आणि मी हा कागद उघडून दाखवीन. नाक आणि गणित एकत्र! रखवालदाराला फोटो काढायला बोलावलंय."

"आणि मी सोमवार सांगितला तर?"

"तर तुझं नाक पुन्हा तपासून घेऊ," मधला म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर खदखदून हसला. थोरलीही हसली. रविवार तर रविवार. एक कागद तरी हाती लागला होता.

मधला तोंड धुवायला गेला. वहिनी आणि भाची वर सामान लावत होत्या. थोरली टेबलाशी बसून त्या रेघा पाठ करू लागली. तेवढ्यात अंगणातून जावई झपाझप आत आला, तिच्या पाठीमागच्या शेगडीकडे गेला आणि त्याने गॅस बंद केला. मग खिडकी उघडली.

थोरली दचकली. "काय हवंय जावईबापू? चहा? दूध ठेवलंय मी. इतक्यात उतू जाईल, कळेलच. या घरात वासाचं कुणाला सांगावं लागत नाही."

जावयाने तिच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. पातेल्यात दूध नव्हतं. बोटभर कोळसा होता.

त्याने पातेलं खाली उतरवलं. बाह्या सरसावून चमच्याने पातेलं खरवडू लागला. एवढ्यात जिन्यावरून वहिनीचा आवाज आला, "अगंबाई, काय हा करपट वास! कुणी केलं हे?"

"मी, सासूबाई," जावई म्हणाला. "दूध तापवायला ठेवलं आणि विसरलो."

"तुम्हाला स्वयंपाकघरात कुणी जायला सांगितलं होतं? ताई, तुम्ही इथेच होतात ना? तुम्हाला वास नाही आला?"

"आला की," थोरली म्हणाली. "पण पहिल्यांदाच आलेल्या जावयाला कसं बोलायचं?"

हे उत्तर वहिनीला पटलं. ती तणतणत वर गेली. पातेलं चकचकीत झाल्यावर जावयाने चमचा ठेवला.

"जावईबापू," थोरली शेवटी म्हणाली, "चला, तुम्हाला गाव दाखवते."

गाव उतरत्या बाजूला, दोन गल्ल्यांचं. हंगाम असल्यामुळे पेट्या करणाऱ्यांच्या दुकानांत हातोड्या वाजत होत्या आणि रस्ताभर लाकडाचा भुसा पसरला होता. थोरली पुढे, जावई मागे. तो चालताना मधूनच मान वळवायचा.

"काय पाहता?"

"पाहत नाही. या दुकानात ओलं लाकूड वापरतात. पेट्या वाकतील." दहा पावलांवर तो पुन्हा थांबला. "या घरात कालच रंग दिलाय. फक्त एका खोलीला. आणि इथे," तो न्हाव्याच्या भिंतीकडे बोट करून म्हणाला, "आतला नळ गळतोय. सहा महिने तरी झाले."

न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भिंतीनं," जावई म्हणाला आणि पुढे निघाला.

थोरलीची चाल मंदावली. दोन वर्षं ती या रस्त्याने रोज जात होती, पण एखाद्या चित्रातून चालावं तशी. भुसा दिसायचा, रंग दिसायचा, पण सगळं काचेपलीकडे. आता हा गटारवाला एकेक घर उघडून तिच्या हातात ठेवत होता.

"आणखी?" तिने विचारलं.

"आणखी काय?"

"इथे काय आहे ते सांगा. या कोपऱ्यावर."

तो थांबला. "साबण. कुणीतरी चादरी वाळत घातल्यात. आणि... पाव भाजताहेत, पण लांब. खालच्या गल्लीत."

"अजून भाजतो होय तो," थोरली म्हणाली. "मला वाटलं, बंद केलं त्याने."

बुरजाच्या बोळात शिरल्यावर तिने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"दूध मी करपवलं."

"हो."

"कुणाला सांगणार आहात?"

"लोकांच्या घरात मला काय काय सापडतं ते सांगत बसलो तर मला कुणी बोलावणार नाही," जावई म्हणाला. "कधीपासून?"

"दोन वर्षं." तिने बुचाकडे बोट दाखवलं. "नाक लावा आणि सांगा. कोणत्या दिवशी उघडायचं एवढंच मला कानात सांगा. मग मी सगळ्यांना सांगते."

जावई वाकला. नाक मोठं नव्हतं, किंबहुना बसकंच होतं. मधल्याचं नाक त्याच्यापुढे देवळाच्या कळसासारखं वाटलं असतं. त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच राहिला.

"हं?"

"येतोय वास."

"मग? आज की रविवारी?"

"ते मला काय माहीत, आत्या? मी नासपती पिकताना जन्मात पाहिलेली नाही. मला वास येतो, त्याचा अर्थ नाही येत. गटाराचं विचारा, कुठल्या घरापाशी तुंबलंय ते सांगतो. यात खूप काही आहे, पण..."

"अगंबाई!"

बोळाच्या तोंडाशी, चारच्या फोटोची जागा बघायला आलेली वहिनी उभी होती. तिच्यामागे भाची, भाचीच्या मागे कॅमेरा घेऊन रखवालदार, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून मधल्याचं नाक.

जावई भोकापासून नाक दूर करायला गेला आणि त्याचं डोकं कडीवर आपटलं.

"त्या भोकाला," मधला एकेक शब्द मोजून म्हणाला, "आजवर फक्त तीन नाकं लागली आहेत. तिन्ही या घराण्याची."

"बाबा, नाकच लावलंय. दात नाही लावले," भाची म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. गटारात वावरलेलं नाक! ताई, तू इथे असताना?"

वहिनीने परिस्थिती झटकन ओळखली. भांडण झालं तर ते तिच्याच जावयाचं होणार होतं. "अहो, उगाच काय! ताई त्यांना गंमत म्हणून दाखवत असतील. हो ना, ताई?"

"हो, गंमत म्हणून," जावई डोकं चोळत म्हणाला.

सगळे थोरलीकडे पाहत होते. इतका सुबक बांधलेला खोटेपणा तिला आयुष्यात कुणी आयता आणून दिला नव्हता. फक्त हो म्हणायचं. चार वाजता भोकाला नाक लावायचं, रविवार सांगायचा. नाक जाग्यावर, काम जाग्यावर.

"हो," ती म्हणाली. "गंमतच."

"मग ठीक आहे," मधला निवळला. "बूच लावा. रविवारपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही."

जावयाने बूच उचललं. लावता लावता तो अगदी सहज, एखादा सांधा दाखवावा तसं म्हणाला, "आत दारूसारखा वास येतोय थोडा. तो नेहमी येतो का?"

थोरलीने बुचावरचा त्याचा हात धरला.

दारूचा वास शेवटी येतो. विसाव्या दिवशी सकाळी आला तर बरं असतं, संध्याकाळी आला तर पळापळ. सोळाव्या दिवशी कधीच नाही. मग तिला वर काचा दिसल्या. साती फटी बंद. आतला वास बाहेर गेलाच नव्हता. सगळी फळं त्याच वासात बुडून चार दिवस पुढे धावली होती. मधल्याच्या लाल, निळ्या आणि हिरव्या रेघांना जंग्यांना काचा लागल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. रविवारपर्यंत या दाराआड काही उरणार नव्हतं.

"बूच लावू नका," ती म्हणाली. "मला वास येत नाही."

"सर्दी झालीय?" मधल्याने विचारलं.

"दोन वर्षं झाली. मला कशाचाच वास येत नाही. दूध मी करपवलं. यांनी स्वतःवर घेतलं."

 मधल्याने खिशातला घडी केलेला तक्ता चाचपला.

"पण गेल्या वर्षी... ताई, मी भाषण केलं!"

"चांगलं होतं भाषण."

"मग गेल्या वर्षी दिवस ठरवला कुणी?"

"गांधीलमाश्यांनी. त्या जंग्यांशी जमायच्या. यंदा तिथे काचा आहेत."

रखवालदाराचा कॅमेरा खाली आला. "मावशी," तो म्हणाला, "मी फोडू का काचा? मला अधिकार नाही, पण फोडतो."

"काही फोडू नकोस!" मधला सावरला होता. कुठलीही खुर्ची रिकामी झाली की त्याला बळ यायचं. "घाबरायचं कारण नाही. ताईचं गेलं असेल, माझं शाबूत आहे. सरका." त्याने सगळ्यांना बाजूला सारलं, भोकापाशी वाकला आणि बोळातली निम्मी हवा आत ओढली. "हं. येतोय. स्पष्ट येतोय."

"कसला?" थोरलीने विचारलं.

मधल्याने विचार केला. "नासपतीचा."

"नासपतीच ठेवलीय आत."

"म्हणजे बरोबर आहे ना! रविवार!"

भाचीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. पण वहिनी हसत नव्हती. ती नवऱ्याकडे अशा नजरेने पाहत होती की जणू त्याच्या चेहऱ्याच्या मध्यभागी इतकी वर्षं भाड्याने राहिलेलं कुणीतरी तिला पहिल्यांदाच दिसलं.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या घरात गॅस गळत होता तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

"तो विषय आत्ता कशाला?"

"तुम्ही म्हणालात, शेजारणीने नवीन अत्तर आणलंय. चांगलं आहे म्हणालात! आणि जावईबापू दारातून आत पाऊल टाकायच्या आधी ओरडले, दिवा लावू नका म्हणून. आज आपण सगळे इथे उभे आहोत ते यांच्या नाकामुळे." ती रखवालदाराकडे वळली, आणि तीन वर्षांत जे तिच्या तोंडून निघालं नव्हतं ते एकदम निघालं. "आमचे जावई गटारं साफ करतात! अख्ख्या शहरात असं नाक नाही!"

"पण ते रक्ताचं नाही!" मधला म्हणाला.

"फळांना विचारा, त्यांना चालतंय का," भाची म्हणाली.

"पुरे," थोरली म्हणाली. ती दाराला खांदा टेकून जमिनीवर बसली. तसं ती चाळीस वर्षं बसत आली होती, फक्त कुणी पाहिलं नव्हतं. "इकडे ये," ती जावयाला म्हणाली. ती त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत होती हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. "नाक लाव. मी विचारीन तेवढंच सांगायचं. गोड येतंय?"

"येतंय."

"ते सोड. गोड कुणालाही येतं. गोडाच्या मागे काय आहे?"

"ओलं लाकूड."

"त्या फळ्या. त्यांच्या मागे?"

जावयाच्या कपाळावर आठी पडली. "हिरवं काहीतरी. देठ मोडल्यासारखं. पण फार बारीक, जवळपास नाहीच."

"कच्चेपणा गेला." थोरलीने डोळे मिटले होते. "आता दारू. घसा खवखवतो का?"

"नाही. मऊ आहे. पातळ."

"वरून येते की खालून?"

"खालून." तो थांबला. "डावीकडून, कोपऱ्यातून. बाकी कुठून नाही."

"नक्की?"

"आत्या, भिंतीआडचा सांधा मी चुकत नाही."

थोरलीला त्या क्षणी खोली दिसली. नऊ फळ्या, डावीकडचा खालचा कोपरा, तिथली सर्वांत आधी तोडलेली फळं. दारू तिथेच असेल तर बाकीची खोली अजून उभी होती. पण आजचीच. उद्या ती कोपऱ्यातून फळीवर चढेल.

तिने कमरेची किल्ली काढली आणि भावापुढे धरली.

"तू उघड."

"मी?" मधला म्हणाला. "आणि आत कच्ची निघाली तर?"

"तर माझं नाव सांग. बरी निघाली तरी माझंच सांग."

मधल्याने एकदा तक्त्याच्या खिशाला हात लावला, मग किल्ली घेतली. दार कुरकुरलं. आतून काय बाहेर आलं ते थोरलीला चेहऱ्यांवर वाचावं लागलं. वहिनीचा हात आपोआप छातीशी गेला. भाची "आई गं" म्हणाली. रखवालदार फोटो काढायचा विसरला. मधला उंबऱ्यावर उभा राहून काहीच बोलत नव्हता, आणि ही घटना त्याच्या तक्त्यात नोंदवण्यासारखी होती.

फळ्यांवर फळं पिवळी धमक, एकाशेजारी एक. थोरलीने आधी डावीकडच्या कोपऱ्यात हात घातला. चौदा फळं मऊ लागली, आतून गेलेली. पंधराव्यावर बोट रुतलं नाही. सोळाव्यावर नाही. ती उठून उभी राहिली.

"पेट्या आणा," ती म्हणाली. "ट्रकवाल्याला निरोप द्या. आणि कुणी फळावर फळ ठेवलं तर या बुरजावर पहिली लढाई आज होईल."

मग दुपारभर कुणाला मान वर करायला सवड मिळाली नाही. पेट्या करणारे हातोड्या टाकून वर आले, न्हावी दुकान बंद करून आला आणि आल्या आल्या त्याने जावयाला गळक्या नळाचं विचारलं. रखवालदाराने पेट्या वाहता वाहता खात्याला अर्ज लिहायचं ठरवलं, की काचांना झडपा असाव्यात. मधल्याने पेटीत फळं तिरकी लावली तर तीन जास्त बसतात हे मोजून दाखवलं, आणि ते खरं निघालं, त्यामुळे तो खुलला. पाचच्या सुमारास तो जावयाजवळ जाऊन बसला.

"तुमचे पणजोबा मूळचे कुठले हो?"

"ठाऊक नाही."

"या बाजूचे असण्याची शक्यता आहे का? नाही, सहज विचारतो. कुठेतरी आपली शाखा जुळत असणार. असं नाक उगाच येत नाही."

"वडिलांना अजिबात वास यायचा नाही," जावई म्हणाला.

"आईकडून मग," मधला म्हणाला आणि वही शोधू लागला.

ऊन कलल्यावर शेवटच्या पेट्या ट्रकमध्ये चढल्या. थोरली बुरजाबाहेरच्या दगडावर टेकली आणि तिने एक नासपती दाताखाली धरली. रस हनुवटीवर आला. गोड होती, ओली होती. बाकी काही नव्हतं. दोन वर्षं अशीच होती. तिने ती निम्मी खाऊन खाली ठेवली.

जावई हात धुऊन आला तेव्हा तिच्या ओटीत बाजूला काढलेली फळं होती, वेगवेगळ्या झाडांचं एकेक.

"बस," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी केव्हा येतोस?"

"तुम्ही बोलवाल तेव्हा."

"दहाव्या दिवसापासून लागशील. तुझ्या त्या गटारांना सांग." तिने एक फळ त्याच्या नाकाखाली धरलं. "याचा कसा येतो?"

"गोड."

"अरे, गोड सगळीच असतात. मागे काय?"

त्याने डोळे मिटले. शब्द शोधायला त्याला वेळ लागला, कारण आजवर कुणी त्याला तुंबलंय की नाही यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

"पाऊस येऊन गेल्यावर," तो म्हणाला, "पत्र्याचं छप्पर उन्हात तापायला लागतं ना... तसा."

थोरलीने फळ स्वतःच्या नाकाशी नेलं. तिला वास आला नाही. पण झाड दिसलं, फांदीसकट.

"विहिरीजवळचं," ती म्हणाली. "लक्षात ठेव. ते कायम दोन दिवस पुढे असतं." आणि तिने दुसरं फळ उचललं. "आता हे."

अजून एकवीस झाडं बाकी होती, आणि उजेड तासभर तरी टिकणार होता.